थिसिससाठी मदत हवी: जुन्या नाशकातले वाडे, गंगेचा (म्हणजे आमच्या गोदावरीचा) पूर आणि पायऱ्या

गोदेकाठची

नमस्कार. इथे पाच-सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बी.आर्कच्या शेवटच्या वर्षाला आहे, नाशकातच. थिसिसचा विषय द्यायला तीन आठवडे राहिलेत. आमच्याकडे बहुतेक जण एखादी बिल्डिंगच घेतात, एअरपोर्ट टर्मिनल, क्रिकेट अकादमी, द्राक्षबागेतलं रिसॉर्ट वगैरे, साइट धरायची आणि डिझाइन करायचं. मला ते नाही करायचंय.

माझी आजी, आईची आई, भांडी बाजाराच्या मागच्या बोळात वाड्यात राहते. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या तिथेच गेल्या. दिंडी दरवाजातून आत आलं की पाच पायऱ्या, मग ओसरी, पुढे चौक. आजी पुराबद्दल बोलताना कधी फूट-मीटर म्हणत नाही, ती पायऱ्या सांगते. २००८ ला "तिसरी बुडाली", २०१६ ला "चौथीवर चढलं", २०१९ ला पण तसंच काहीतरी. आणि १९६९ ला ती लग्न होऊन नुकतीच आलेली, तेव्हा पाणी ओसरीवर चढून माजघरात शिरलं होतं आणि तिच्या सासऱ्यांनी पाणी ओसरायच्या आधी भिंतीतल्या कोनाड्याखाली खिळ्याने रेघ ओढून ठेवली. चुन्याच्या गिलाव्यावरची ती रेघ अजून आहे. घराला रंग काढतात तेव्हा तेवढी चार बोटांची पट्टी सोडून काढतात, त्यामुळे तिथे जुना निळा रंग दिसतो आणि त्याच्या मधोमध ती रेघ.

तर माझ्या डोक्यात हे आहे की गंगेच्या जवळच्या वाड्यांचं जोतं, म्हणजे जमिनीपासून उचललेला घराचा चौथरा, किती उंच घ्यायचं हे त्या लोकांनी कशावरून ठरवलं असेल, आणि आज महापालिकेच्या नकाशावर जी पूररेषा आहे ती आणि घराघरातल्या या पायऱ्यांचा हिशोब एकमेकांशी जुळतो का. पण गाइड म्हणतात हा प्लॅनिंगचा विषय झाला, आर्किटेक्चरचा नाही, शेवटी डिझाइन काय दाखवणार. आणि मागच्या रिव्ह्यूला बाहेरून एक ज्यूरी आले होते त्यांनी दोन मिनिटं शीट बघितली आणि म्हणाले, वाडे संपले आता, तू उशिरा आलीस. मला फार लागलं ते. आजीच्या वाड्यात आज तीन कुटुंबं राहतात, रोज सकाळी चौकात सडा पडतो, संपले कसे?

हा विषय होऊ शकतो का, कुठून सुरू करू, आणि पुढे एम.प्लॅन (नगररचनेतलं पदव्युत्तर शिक्षण) करायचं मनात आहे तर त्याला याचा उपयोग होईल का, हे तिन्ही सांगा.

ओळंबा

विषय होतो. नुसता होत नाही, चांगला होतो. पण आधी लहान कर. "जुन्या नाशकातले वाडे" हा विषय नाही, तो दहा जणांचा जन्म आहे. एक बोळ घे. त्यातली सात-आठ घरं. बास.

मी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं बरीच केली, त्यावरून सांगतो. आधी स्वतःच्या हाताने मोजणी. मोबाइलवरचं स्कॅनिंग नंतर, आधी टेप. वाड्यातली एकही खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते हे धरूनच चालायचं, म्हणून चार भिंती मोजून थांबायचं नाही, निदान एक कर्ण घ्यायचाच, दोन घेतले तर चूक लगेच सापडते. आणि खांब ते खांब असं तुकड्यातुकड्याने मोजू नकोस, टेपचं टोक एका ठिकाणी धरून ठेव आणि सगळी मापं त्याच शून्यापासून वाच. तुकड्यांमध्ये प्रत्येक वेळी अर्धा इंच इकडेतिकडे होतो आणि शेवटच्या खांबापर्यंत चार इंच कुठे गेले कळत नाही. मापं रात्री घरी जाऊन काढायला बसू नकोस, तिथेच चौकात बसून कागदावर उतरव, जे जुळत नाही ते उठून परत मोजता येतं.

दुसरं म्हणजे खण बघ. जुन्या सुतारांचं माप खणाचं, दोन खांबांच्या मधलं अंतर म्हणजे एक खण, घर किती खणी आहे त्यावर सगळं. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कड्या किती लांबीच्या मिळत होत्या त्यावर खण ठरायचा. तुझ्या सात घरांतला खण सारखा निघाला तर ते स्वतःच एक फाइंडिंग आहे.

आणि जोत्याचा दगड बघ कुठपर्यंत आहे. काळा दगड संपून वीट कुठल्या उंचीला सुरू होते ती रेघ प्रत्येक घराची मोज. दगडाला पाणी लागलं तरी चालतं, विटेला आणि मातीच्या भरावाला नाही. ती रेघ आणि तुझी खिळ्याची रेघ शेजारी शेजारी मांडून बघ काय दिसतं ते.

पंचवटीकर काका

बाळा तुझा धागा वाचून डोळ्यात पाणी आलं. मी समोरच्या काठावरचा. नाशकात पूर मोजायची पद्धत पहिल्यापासून हीच आहे. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असं सगळं गाव बोलतं. मारुती बुडाला म्हणजे मग दुकानं आवरायची. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. आणि तुमच्या बाजूला सरकारवाड्याच्या पायऱ्या. १९६९ ला मी आठवीत होतो, वडिलांनी आम्हा भावंडांना रात्रीच वरच्या आळीत आत्याकडे नेऊन ठेवलं, आणि सकाळी बघितलं तर होळकर पुलाखालून लाकडं, पत्रे, गोठ्यातली जनावरं वाहत होती. तो आवाज मी विसरलो नाही.

तुझ्या आजींना माझा नमस्कार सांग. ती रेघ जपा.

निळी लाल

मी एम.प्लॅन, सध्या सल्लागार म्हणून डीपीच्या, म्हणजे शहर विकास आराखड्याच्या, कामात असते. गाइडचं म्हणणं मला पटलं नाही म्हणून लिहितेय.

आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग यांच्यात विषयाची भिंत नाही, स्केलचा फरक आहे. तू १:५० वर एक पायरी काढशील, आम्ही १:५००० वर अख्खा वॉर्ड काढतो, आणि आमच्या नकाशावर तुझी पायरी दिसतच नाही. खरी अडचण तिथेच आहे. आपल्याकडे पूररेषा दोन, निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं एकदा आला की आता २५ वर्षं निवांत. तसं नसतं. निळ्या रेषेचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता, लाल रेषेचा दर वर्षी १ टक्का. म्हणजे निळ्या रेषेवरच्या घरात कुणी २५ वर्षं राहिलं तर त्या काळात एकदा तरी तेवढं पाणी बघायची शक्यता ६४ टक्के येते. लाल रेषेवरच्या घरात ५० वर्षं राहिलात तर साधारण ४० टक्के. हे गणित मी गावठाणातल्या लोकांना समजावायचा प्रयत्न केलाय, टक्के सांगितले की कुणी ऐकत नाही. पायऱ्या सांगितल्या असत्या तर ऐकलं असतं असं आज तुझं वाचताना वाटलं.

एक काम नक्की कर. प्रत्येक पायरीची, प्रत्येक रेघेची उंची एकाच पातळीवरून मोज. समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणजे आरएल काढता आली तर उत्तम, जवळ पक्का बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच माहीत असलेली खूण, शोधावा लागेल. मारुतीची कमर, सरकारवाड्याची पायरी आणि आजींची तिसरी पायरी हे तिन्ही एका आरएलच्या पट्टीवर आले की लोकांच्या तोंडची भाषा आणि सरकारी नकाशा पहिल्यांदा एका कागदावर दिसतील. माझ्या बघण्यात तरी हे काम आलेलं नाही.

एम.प्लॅनचं म्हणशील तर दोन वर्षांचा कोर्स, बी.आर्कवाल्यांना गेट या प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर द्यावा लागतो बहुतेक चांगल्या ठिकाणी. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याला एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आहेत, अहमदाबादला सेप्ट आहे, पुण्यात सीओईपी. मुलाखतीत "थिसिस काय केला" हेच विचारतात, आणि तिथे स्वतः गोळा केलेली माहिती असेल तर समोरचा माणूस पुढे सरसावून बसतो.

सतरंजी

धाग्याची खूण साठवली. मुलगा बारावीला आहे म्हणून विचारते, बारावीनंतर थेट प्लॅनिंग करता येतं का? सगळे म्हणतात आधी आर्किटेक्चरच कर.

निळी लाल

येतं की. बी.प्लॅन चार वर्षांचं, जेईई मेनला त्याचा वेगळा पेपर असतो, बी.आर्कच्या चित्रकलेच्या पेपरहून वेगळा. बी.आर्क पाच वर्षांचं, त्याला नाटा ही प्रवेशपरीक्षा किंवा जेईईचा पेपर दोन. एक फरक आधीच माहिती असू दे, १९७२ च्या कायद्याने आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला परिषदेची नोंदणी लागते, प्लॅनरसाठी तसा कायदा नाही, आयटीपीआय या प्लॅनर लोकांच्या संस्थेचं सदस्यत्व असतं. मुलाला घरं काढायला आवडतात की नकाशे बघायला आवडतात त्यावरून ठरवा.

गाळ

जलसंपदामधून निवृत्त. सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. पाणी येतं कुठून?

सगळे गंगेकडे बघतायत. भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल या भागात सरस्वती नाला आहे. आता वरून झाकलाय म्हणून नव्या पिढीला दिसत नाही, पण तो खाली आहेच आणि पुढे जाऊन गंगेला मिळतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीची पातळी वर येते आणि नाल्याच्या तोंडाशी पाणी अडतं. त्याच वेळी गावात पाऊस पडत असेल तर नाल्याला बाहेर जायला जागा नाही, मग तो मागे फुगतो आणि बाजारात वर येतो. म्हणजे नदीकाठापासून लांब असलेल्या घरात पाणी आधी आणि काठाजवळच्या घरात नंतर, असंही होऊ शकतं. आणि कधी कधी नदीला पूर नसतानाही नुसत्या दोन तासांच्या पावसाने दहीपुलावर दुकानांत पाणी शिरतं ते यामुळेच.

पूररेषा ही नदीच्या पाण्याची असते. नाला तुंबून जे पाणी येतं ते तिच्यात धरलेलं असेलच असं नाही. म्हणून आजींना पायरी विचारच, पण त्याबरोबर हे विचार की पाणी पहिल्यांदा कुठल्या दारातून आलं, गढूळ होतं की काळं, वास होता का, आणि चढायला किती वेळ लागला. नदीचं पाणी लाल मातीचं गढूळ असतं. नाल्याचं तसं नसतं.

गोदेकाठची

गाळ काका (काका म्हटलं तर चालेल ना), तुमचा प्रतिसाद वाचला आणि तशीच आजीकडे गेले. ती दुपारची पडली होती, उठून बसली आणि मी विचारायच्या आधीच काय झालं म्हणाली. मी विचारलं पाणी कुठून येतं ग. ती म्हणाली, "पुढून कधी येतं? आधी परसातूनच येतं. न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे यायला लागले की समजायचं. मग काळं पाणी. पुढच्या दाराने येतं ते लाल, ते नंतर."

मी गेली दोन वर्षं तिला पुराबद्दल विचारतेय आणि हे तिने कधीच सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. तिच्यासाठी ते इतकं रोजचं आहे. १९६९ ला मात्र उलट झालं म्हणाली, तेव्हा पुढून आलं, एकदम, आणि लाल.

म्हणजे पायऱ्या पुढच्या पाण्यासाठी आहेत आणि परसाच्या बाजूला एकच उंबरा आहे, तोही नंतर सिमेंटचा केलेला. घर एका बाजूने तयार आहे आणि दुसऱ्या बाजूने उघडं. मला वाटतं थिसिस इथे आहे.

वाड्याचा वारस

मी जरा वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

आमचाही वाडा आहे जुन्या नाशकात, आजोबांच्या नावावर होता, आता अकरा जणांची नावं मिळकत पत्रिकेवर आहेत. चार भाडेकरू, भाडं इतकं की सांगायला संकोच वाटतो, त्या पैशात वर्षाला एक कौल बदलता येत नाही. दर पावसाळ्याआधी धोकादायक म्हणून नोटीस येते, आम्ही भाडेकरूंना देतो, ते म्हणतात आम्ही कुठे जाऊ, आणि त्यांचंही खरं आहे. तीन वर्षांपूर्वी मागच्या सोप्याची भिंत रात्री दीड वाजता बसली. नशिबाने कुणी खाली नव्हतं. त्यानंतर आईला पाऊस सुरू झाला की झोप लागत नाही.

कॉलेजची मुलं येतात, फोटो काढतात, दिंडी दरवाजाचं स्केच करतात, किती सुंदर म्हणतात आणि जातात. पुढे काय झालं कुणी सांगायला येत नाही. एकदा एका ग्रुपने आमच्या घराचं प्लॅन काढून नेलं, आम्ही एक प्रत मागितली, मिळाली नाही. दुरुस्तीच्या परवानगीला तोच प्लॅन आम्हाला परत पैसे देऊन करून घ्यावा लागला. ताई तुम्ही मोजणार असाल तर एवढंच करा, ज्याचं घर मोजाल त्याला ड्रॉइंग द्या.

गोदेकाठची

राग कसला. तुम्ही म्हणताय ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. मोजलेल्या प्रत्येक घराला प्लॅन, सेक्शन आणि कुठे कडी कुजलीय, कुठे भिंत फुगलीय त्याची यादी, प्रिंट काढून देणार. तुमच्या आईंची काळजी घ्या. मागच्या सोप्याला तात्पुरते टेकू दिलेत का? नसतील तर ओळंबा दादांना विचारते मी.

ओळंबा

वारस साहेब, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. टेकू पावसाळ्याआधीच लावायला हवेत आणि ते नुसत्या फरशीवर उभे करायचे नाहीत, खाली फळी टाकून भार पसरवायचा. येऊन बघतो, फी नको.

खडू फळा

शिकवतो, आर्किटेक्चरलाच, नाशकाबाहेर. ओळंबा, गाळ आणि वारस यांनी जे सांगितलं ते आम्ही वर्गात सांगायला हवं होतं.

पॅट्रिक गेडिस १९१४ ला भारतात आले, मुळात जीवशास्त्राचा माणूस, पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं होतं की आराखड्याआधी पाहणी, आणि पाहणी म्हणजे गल्लीत पायी हिंडून. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढण्याच्या तेव्हाच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता, जे पडायला आलंय तेवढंच काढा, बाकी माणसं आहेत तिथे राहू द्या, अशी त्यांची रीत. तुझ्या बोळात ते आले असते तर आधी न्हाणीची मोरीच बघितली असती.

गाइडना डिझाइन हवंय ना, तर दे. पण कॉम्प्लेक्स नको. परसाची बाजू डिझाइन कर. मोरीला उलटं पाणी अडवणारी झडप, उंबऱ्याची उंची, तळमजल्यावरच्या कुटुंबाने दोन तासांत सामान वर न्यायचं तर जिना कसा असावा, मीटरची पेटी कुठे असावी. १:१० ला काढ. ज्यूरी काय म्हणतील याची मी हमी देत नाही, पण त्या बोळातली माणसं ते शीट समोर घेऊन बसतील.

आजींचं बोलणं जसंच्या तसं लिही. "न्हाणीच्या मोरीतून बुडबुडे" याचं "सांडपाण्याचा उलट प्रवाह" करू नकोस, तेही लिही पण खाली, आधी त्यांचे शब्द. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड कर. आणि सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० सालचं आहे ते, १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर तिथे विचार, आणि गावकरीचे १९६९ चे अंक कुणाकडे असतील तर तेही.

पंचवटीकर काका

अंक आमच्याकडे ट्रंकेत होते, बघतो. वडील ठेवायचे.

गोदेकाठची

दहा दिवसांनी लिहितेय. गाइडनी विषय मान्य केला. "परसातून येणारं पाणी: भांडी बाजारामागच्या एका बोळातली आठ घरं." सरांना मी काही समजावलं नाही, आजीचं रेकॉर्डिंग लावलं. ते दोनदा ऐकलं त्यांनी.

काल पहिली लेव्हल घेतली, म्हणजे दोन खुणांची उंची ताडून बघितली. मशीन कॉलेजकडून पुढच्या आठवड्यात मिळेल, तोवर थांबवेना, म्हणून आजीकडे येणाऱ्या गवंडी मामांची पाण्याची नळी घेतली. पारदर्शक नळी, वीस मीटर, पाणी भरून बुडबुडे काढायलाच अर्धा तास गेला, मामा म्हणाले एक बुडबुडा राहिला तरी माप खोटं. एक टोक आजीने कोनाड्याखालच्या रेघेला धरलं, तिला मी बस म्हणत होते पण ती ऐकेना. दुसरं टोक मी बोळ ओलांडून समोरच्या वाड्यात नेलं. तिथल्या आजोबांनी सांगितलं होतं की त्यांच्या ओसरीच्या खांबावर १९६९ ची खूण आहे, तासणीने पाडलेली खाच, त्यांच्या वडिलांनी केलेली. या दोन घरांचं गेली तीस वर्षं बोलणं नाही, भिंतीच्या वादावरून. म्हणजे एकाने दुसऱ्याची बघून खूण केली असेल असं धरलं तरी नंतर कुणी ताडून बघितलेली नाही.

पाणी स्थिर व्हायला वेळ लागला. मी खांबाला नळी लावून उभी, इकडून आजी ओरडून विचारतेय लागलं का, लागलं का.

खाचेत आणि रेघेत पाऊण इंचाचा फरक आहे.

समोरचे आजोबा खाली वाकून नळीतलं पाणी बघत राहिले आणि मग स्वतःच आमच्या ओसरीवर आले, रेघ बघायला. पाचही पायऱ्या चढून. आजीने चहा ठेवला.

उद्या नळी मागच्या बाजूला नेतेय, न्हाणीच्या मोरीपाशी.